घड्याळाचा संपलेला सेल कुठे ठेवता?

गेल्या पावसाळ्यात घोडेगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातून आजोबा अडीच वर्षांच्या नातीला घेऊन ओपीडीत आले. चार दिवसांपासून तिच्या उजव्या नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत होतं, मधूनच रक्तही. सर्दी समजून घरच्यांनी नाकात थेंब घातले होते. लहान मुलाचं नाक एकाच बाजूने वाहत असेल, तर आत काही अडकलंय का, हे आम्ही आधी पाहतो. एक्स-रेमध्ये छोटी गोल चकती दिसली. तेव्हा आजोबांना आठवलं, की मनगटी घड्याळाचा सेल त्यांनी घरीच बदलला होता आणि जुना खिडकीत ठेवला होता. "पण तो तर संपलेला होता, डॉक्टर," ते म्हणाले.

सेल निघाला, पण तोवर नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं.

'संपलेला' हा शब्दच फसवा आहे. मनगटी घड्याळाचा नवा सेल साधारण 1.55 व्होल्टचा असतो. घड्याळ बंद पडलं, तरी त्यात थोडी वीज उरते. ओल्या त्वचेला सेल चिकटला, की लाळेतून किंवा शेंबडातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो. तो मांस जाळतो. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. नाकात थेंब घातले, तर ओलावा वाढून इजाही वाढते.

याहून धोकादायक आहे तो गाडीच्या रिमोट चावीतला, वजनकाट्यातला, जत्रेतल्या दिव्याच्या खेळण्यातला मोठा चपटा लिथियम सेल. तो 3 व्होल्टचा आणि बहुधा 20 मिलिमीटर रुंद असतो. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. पुढे अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडतं, कधी मोठी रक्तवाहिनी फुटते. लाळ गळणं, घास न गिळणं, खोकला, छातीत दुखणं ही लक्षणं असतात. कधी सुरुवातीला काहीच नसतं.

आपल्याकडे नाणं गिळलं, की केळं खाऊ घालतात. सेलच्या बाबतीत हे करू नका. उलटी काढू नका, 'शीतून पडेल' म्हणून वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा आणि एक्स-रेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. दुर्बिणीने सेल काढण्याची सोय बहुधा मोठ्या रुग्णालयातच असते आणि जुन्नरहून पुणे नव्वद किलोमीटरच्या वर आहे. आहुपे, घाटघरकडून निघणाऱ्यांचा वेळ त्याहून जास्त जातो. म्हणून शंका आली, तरी निघा. सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल सोबत घ्या.

मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत मध द्या : दोन छोटे चमचे, दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने सेलभोवतीचा क्षार थोडा सौम्य होतो. पण मध शोधण्यासाठी थांबू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. नाकात किंवा कानात सेल गेला असेल, तर काहीही न घालता थेट दवाखान्यात या.

सेल घरी बदलायला हरकत नाही. मुलं झोपल्यावर, टेबलावर ताट ठेवून त्यात घड्याळ उघडा. दोन्ही हात गुंतले म्हणून सेल ओठांत धरू नका. मोठी माणसंही असे सेल गिळतात. जुना सेल काढल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, झाकणाच्या डबीत उंचावर ठेवा आणि पुढच्या बाजाराला घड्याळवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका.

आज संध्याकाळी खिडकी, देवघराचा कोनाडा आणि टीव्हीखालचा खण एकदा तपासा. तिथे एखादा जुना सेल पडलेला असण्याची शक्यता बरीच आहे.