एक फुंकर, अनेक वाद्यें

लग्नसराईंत जळगांव किंवा धुळें शहरांतून वरात निघाली, कीं बँडमधील क्लॅरिनेट दूरवर ऐकूं येतें. मांडवांत सनई वाजते. आणि साक्रीकडील डोंगराळ भागांत, मार्गशीर्षांतील डोंगऱ्या देवाच्या उत्सवांत, कोकणा लोकांची पावरी घुमते. घरीं बासरी शिकणाऱ्या मुलास वाटतें, फुंकायचेंच आहे, तर हीं सारीं वाद्यें आपणांस कां येऊं नयेत? येतील, परंतु बासरींतलें कोणतें ज्ञान पुढें उपयोगी पडतें आणि कोणतें आड येतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

या सर्व वाद्यांत नळींतील हवाच कंप पावते. तो कंप उत्पन्न करण्याची रीत मात्र निराळी. बासरींत ओठांतून निघालेली हवेची बारीक धार भोंकाच्या कडेवर आपटते. सनईंत दोन पात्या एकमेकींवर थरथरतात; क्लॅरिनेटला पाती एकच. पावरींत फुंकर प्रथम वाळलेल्या भोपळ्यांत शिरते व तेथून बांबूच्या नळ्यांत जाते. म्हणून बासरीची संवय झालेल्या ओठांना पाती धरणें अवघड जातें. उलट सनईचा जोर बासरींत घातला, तर सूर फाटतो.

बोटांचीहि फसगत होते. बासरी जोरानें फुंकली, तर बहुतेक त्याच बोटांनीं वरच्या सप्तकांतला तोच सूर निघतो. सनईची नळी खालीं रुंदावत जाते. तिच्यांतहि तसेंच घडतें. क्लॅरिनेटची नळी बहुतांशीं सारख्या रुंदीची, आणि पातीकडील टोंक बंद असल्यासारखें. तिच्यांत षड्जाचीं बोटें ठेवून वर गेलें असतां तार षड्ज न येतां त्याहि वरचा पंचम येतो! बासरीवाल्याचीं बोटें येथें जवळजवळ नव्यानें शिकावीं लागतात.

मग उपयोगी पडतें काय? कान आणि श्वास. सनईवाल्यांच्या घरांत नवशिक्यास प्रथम नुसता सूर धरावयास बसवितात. मुख्य वादक राग वाजवीत असतां याचा एकच स्वर तुटतां कामा नये. त्यासाठीं गालांत सांठविलेली हवा बाहेर ढकलीत असतांनाच नाकानें श्वास घ्यावा लागतो. पेल्यांतील पाण्यांत नळी बुडवून, बुडबुडे न थांबवितां फुंकण्याचा सराव केला, म्हणजे ही युक्ति हळूहळू साधते. पात्यांच्या कोणत्याहि वाद्यास ती उपकारक आहे.

तेव्हां पहिल्या वाद्याचा षड्ज न डगमगतां लागूं लागल्यावरच दुसरें हातीं घ्यावें. दोहोंचा सराव निरनिराळ्या वेळीं करावा, आणि ओठ दुखूं लागतांच थांबावें.

शेवटीं एक विनंति. आपल्या सुशिक्षित घरांतून बासरीचे वर्ग शोधले जातात. परंतु मांडवाबाहेर बसणाऱ्या सनईवाल्यास अथवा डोंगरांतल्या पावरकरास कोणी गुरु मानीत नाहीं. हा श्वास पुस्तकांत उतरत नाहीं. तो शेजारीं बसूनच घ्यावा लागतो. त्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्यास लागलीं, तर विकत आणलेलें वाद्य आपल्या घरीं राहील, आणि तें शिकविणारा मात्र मिळणार नाहीं.