राष्ट्रीय उद्यानाच्या उंबरठ्यावर

हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सहसा दोनच चित्रे उभी राहतात. एक दिनदर्शिकेवरील बर्फाच्छादित शिखरांचे आणि दुसरे सिमला-मनालीच्या माल रोडवरील गर्दीचे. या दोहोंच्या मधोमध शेतीभातीचा, गुराढोरांचा आणि मोळ्या वाहणाऱ्या बायाबापड्यांचा एक तिसरा हिमालय आहे, त्याची ओळख मात्र आपल्याला क्वचितच होते. मे २०२४ मध्ये आम्ही भूगोलाचे चार विद्यार्थी आणि आमचे सर हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीच्या खोऱ्यात, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाजवळ, एका कुटुंबाच्या कॅम्पवर सहा दिवस राहिलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. असा कॅम्प चालतो कसा, तो तेथेच का निघाला आणि तेथील शांततेची किंमत कोणी मोजली, हे आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम उद्यानाविषयी. हे उद्यान कुलू जिल्ह्यात आहे. त्याची पहिली अधिसूचना १९८४ मध्ये निघाली आणि अंतिम घोषणा १९९९ मध्ये झाली. क्षेत्रफळ सुमारे ७५४ चौरस किलोमीटर. २०१४ मध्ये युनेस्कोने या उद्यानाला व त्याच्या लगतच्या संरक्षित क्षेत्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या परिसराची उंची दोन हजार मीटरांहून कमी असलेल्या नदीपात्रांपासून सहा हजार मीटरांहून उंच शिखरांपर्यंत चढत जाते. त्यामुळे खालून वर जाताना बान म्हणजे ओक, मग देवदार, मग तोस व रई यांसारखे सूचिपर्णी वृक्ष, मग भूर्ज, नंतर नुसती गवताळ कुरणे आणि शेवटी बर्फ, असे वनस्पतींचे पट्टे क्रमाने लागतात. पाठ्यपुस्तकात एका आकृतीत दाखविलेले प्रकरण तेथे मान वर करून पाहता येते. तीर्थन, सैंज, जीवा आणि पार्वती या नद्यांच्या पाणलोटात हे सारे क्षेत्र येते.

उद्यानाच्या पश्चिमेला सुमारे २६५ चौरस किलोमीटरचा एक पट्टा आहे. त्याला इको-झोन म्हणतात. कायद्याने उद्यानात वस्ती, चराई वा शेती चालत नाही, इको-झोनमध्ये मात्र लहानमोठी मिळून सुमारे १६० गावे आहेत. उद्यानात शिरायचे तर वनखात्याचा परवाना लागतो आणि आपला तंबू, आपला शिधा पाठीवर घेऊन जावे लागते. यास्तव पाहुण्यांची राहण्याची सोय करणारी घरे व कॅम्प सर्व या इको-झोनमध्येच आहेत. उद्यान हे घर मानले तर ही गावे म्हणजे त्याचा उंबरठा.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. चंडीगडहून मनालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर औट नावाचे गाव लागते. तेथे मनालीची बस सोडायची आणि बंजारची धरायची. बंजारहून जीपने गुशैणीपर्यंत जाता येते. तेथून पुढे आमच्या कॅम्पला रस्ताच नव्हता. तीर्थन नदीवरचा लोखंडी झुलता पूल ओलांडून अर्धा तास पायी चालावे लागले. पुढे दोन दिवसांनी आमच्या ध्यानात आले की त्या पुलाचा येथील शांततेत मोठा वाटा आहे. ज्या ठिकाणी मोटार जात नाही, तेथे मोटारीतून येणारे ध्वनिवर्धकही जात नाहीत.

कॅम्प म्हणजे सफरचंदाच्या बागेतील तीन पायऱ्या, म्हणजे डोंगरउताराला पाडलेली तीन सपाट वाफ्यांसारखी शेते, आणि त्यांवर पाच तंबू. वरच्या अंगाला यजमानांचे घर. ते घर काठ-कुणी पद्धतीचे. या बांधणीत देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचतात आणि मधे चुना-सिमेंट घालत नाहीत. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण सहसा कोसळत नाही. खालच्या मजल्यावर गाय, वरच्या मजल्यावर माणसे. गाईच्या उबेने वरची जमीन थोडी गरम राहते, हा त्यातला हिशेब.

तंबू पाचच का, असे आम्ही यजमानांना विचारले. जागा तर दहांचीही होती. ते म्हणाले, "भाईजी, आमच्या चुलीवर बारा माणसांचे जेवण होते. तेरावा आला तर बाहेरचा स्वयंपाकी ठेवावा लागेल. मग हे घर राहणार नाही, हॉटेल होईल." एवढ्या वाक्यात कौटुंबिक कॅम्पची सगळी व्याख्या आली, असे आमच्या सरांचे मत पडले. तंबूंची संख्या भांडवलाने न ठरता घरच्या चुलीने ठरते. त्याच चुलीवरचे राजमा-भात, आणि एका संध्याकाळी अक्रोडाचे सारण भरून वाफवलेले सिड्डू तुपात बुडवून आम्ही खाल्ले. त्याची चव वर्णन करण्यापेक्षा आम्ही किती खाल्ले हे न सांगणेच इष्ट!

तंबू कोठे ठोकले आहेत हेही पाहण्यासारखे होते. नदीकाठी सुरेख सपाट वाळू असताना सगळे तंबू नदीपासून दोन पायऱ्या वर. सह्याद्रीत वाढलेल्या आम्हांला हे कोडे वाटले, कारण आपल्याकडे मे महिन्यात ओढे कोरडे ठणठणीत असतात. तीर्थनचे उलट आहे. ती बर्फाच्या पाण्यावरही पोसते. दिवसा ऊन तापले की उंचावरचे बर्फ वितळते आणि ते पाणी खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे सकाळी नदी उतरलेली आणि सायंकाळी चढलेली दिसते. आम्ही एका दगडावर कोळशाने खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या वीतभर खाली होते, दिवेलागणीला खूण बुडाली. उन्हाळ्यातही वाळूवर तंबू का ठोकू नये, हे त्या दगडाने शिकविले.

दुसरा धडा वाऱ्याचा. दिवसा उतार तापतात आणि वारा खोऱ्यातून वर वाहतो. रात्री उतार निवतात, थंड हवा जड होऊन वरून खाली घरंगळते आणि तळाशी साचते. म्हणून तंबूंची तोंडे वरच्या अंगाला नव्हती, आणि सर्वांत खालच्या पायरीवर तंबूऐवजी लसूण लावली होती. तिसरा धडा दवाचा. थंडीच्या भयाने आम्ही पहिल्या रात्री तंबूच्या सगळ्या झडपा बंद केल्या, तर सकाळी आतले कापड ओले! पाऊस पडलाच नव्हता. आमच्याच श्वासातील बाष्प थंड कापडाला लागून पाणी झाले होते. यजमानांच्या मुलाने हसत वरची झडप चार बोटे उघडी ठेवायला सांगितले. पुढच्या रात्री कापड कोरडे राहिले.

आता शांततेविषयी. तेथे आवाज नाही असे कोणी समजू नये. नदी रात्रंदिवस गर्जत असते. पहिल्या रात्री तर झोपच येत नाही. पण त्या एकसुरी आवाजाला कान सरावले की मग त्यामागचे बारीक आवाज उलगडू लागतात. पहाटेचा कस्तुरचा शीळ, गाईच्या गळ्यातील घंटा, वरच्या वाटेने जाणाऱ्या बायकांचे बोलणे. कॅम्पवर नियमांची पाटी नव्हती. नऊ वाजता दिवे मालवले जात, कारण घरातली माणसे चारला उठत. घर झोपले की पाहुणाही झोपतो. पवनेच्या काठी शनिवारी रात्री ज्यांनी तंबूत काढली असेल त्यांना यातला फरक सांगायला नकोच.

परंतु ही शांतता केवळ निसर्गाची देणगी आहे असे मानले तर अर्धेच खरे होईल. उद्यान होण्यापूर्वी या कुटुंबाजवळ ऐंशी मेंढ्या-बकऱ्या होत्या. उन्हाळ्यात त्या उंचावरच्या कुरणांवर जात. या कुरणांना तेथे थाच म्हणतात. बर्फ हटले की घरातली माणसे रानातून गुच्छी नावाचे अळंबे, धूप, कडू, नाग छतरी अशा वनस्पती आणून विकत. १९९९ च्या अंतिम घोषणेबरोबर उद्यानाच्या हद्दीतील हे सगळे हक्क संपले. ज्यांचे हक्क ब्रिटिश काळातील वन-जमाबंदीच्या कागदांत नोंदलेले होते त्यांना नुकसानभरपाई मिळाली. ज्यांचा वहिवाटीशिवाय दुसरा पुरावा नव्हता, त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

सरकारची बाजू पोकळ होती असे मुळीच नाही. जुजुराणा हा देखणा पक्षी, जो २००७ पासून हिमाचलचा राज्यपक्षी आहे, जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे आणि हे उद्यान त्याच्या मुख्य आश्रयस्थानांपैकी एक आहे. त्याच्या विणीच्या काळातच मेंढपाळ, त्यांचे कुत्रे आणि अळंबी वेचणारी माणसे त्या रानात फिरत. पक्षी वाचवायचा तर रान काही काळ तरी मोकळे हवे, हे पटण्याजोगे आहे. पण त्याच सुमारास पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी जीवा नाल्याचा एक भाग उद्यानाच्या हद्दीतून वगळण्यात आला. मेंढीला जे दार बंद झाले ते बोगद्याला उघडले, ही गोष्ट गावकरी अद्याप विसरलेले नाहीत.

घरातल्या आजी, त्यांना सगळे दादी म्हणत, एका दुपारी लोकर कातताना सरांना म्हणाल्या, "मास्टरजी, जंगल वाचले ते चांगलेच झाले. जंगल देवतेचे आहे. पण ही लोकर आता मी बाजारातून विकत आणते." आम्ही पाहिले, तकली तीच जुनी होती. सरांनी काही उत्तर दिले नाही, आणि आम्हांलाही सुचले नाही.

मेंढ्या गेल्या, तेव्हा पोटासाठी दुसरे काही उभे करणे भाग होते. कोणी वाटाडे झाले, कोणी ओझी वाहू लागले, बायकांनी बचतगट काढले. हिमाचल सरकारची होम-स्टे योजना २००८ मध्ये आली आणि घरात पाहुणे ठेवण्याला रीतसर वाट मिळाली. आमचे यजमान कॅम्पला "आमचे चौथे पीक" म्हणत. पहिले सफरचंद, दुसरे राजमा-लसूण, तिसरे दूध आणि चौथे पाहुणे! पिकासारखाच त्याला हंगाम आहे, आणि पिकासारखेच ते बुडतेही. जुलै २०२३ च्या महापुरात कुलू जिल्ह्यातील रस्ते तुटले, शेजारच्या सैंज गावची बाजारपेठ वाहून गेली, आणि त्या मोसमात पाहुणा म्हणून कोणी फिरकला नाही. बाग होती म्हणून घर तगले. केवळ पर्यटनावर विसंबणाऱ्याला तो आधार नसतो.

असे कॅम्प घरच्यांच्या हाती राहण्यामागे कायद्याचाही हात आहे. हिमाचलच्या १९७२ च्या कूळ व जमीनसुधारणा कायद्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे राज्यातील शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीवाचून तेथे जमीन घेता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या पैशाला आळा बसतो. तथापि सगळे गोड आहे असे नव्हे. ज्याचे शेत नदीकाठी किंवा वाटेजवळ, त्याला तंबू ठोकता येतात. दोन तास चढावरच्या गावातील माणसाच्या वाट्याला पाहुण्यांची ओझी वाहणेच येते. उद्यानाने सर्वांच्या मेंढ्या सारख्याच नेल्या, पाहुणे मात्र सारखे वाटून दिले नाहीत.

आमच्या विद्यार्थी मित्रांपैकी कोणास तेथे जावेसे वाटले तर चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा, कारण पावसाळ्यात दरडी कोसळतात. उद्यानात जायचे असल्यास साई रोपा येथील वनखात्याच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी आणि वाटाड्या गावातलाच घ्यावा. नदीत ट्राउट मासे आहेत, पण गळ टाकण्यास मत्स्यखात्याचा परवाना लागतो. आपला प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा. गावात देवतेच्या काही जागांना शिवण्याची मनाई असते. आपल्याकडील देवराईचे नियम ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे जड जाणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुक्काम ठरविताना स्वयंपाक कोण करते ते विचारावे. घरची माणसे करीत असतील तर आपले पैसे त्या घरात राहतील.

राष्ट्रीय उद्यान आणि माणूस यांचा हा प्रश्न केवळ हिमालयाचा नाही. आपल्या वारणेच्या खोऱ्यातील चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशातही गेले. तेथे तर उंबरठाच उरला नाही. आतली गावे उठवून दूर वसविण्यात आली आणि पुनर्वसनासाठी त्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तीर्थनच्या लोकांची मेंढरे गेली, पण घर राहिले, आणि घर राहिले म्हणूनच पाहुण्याला ताट वाढता आले. चांदोलीच्या उठलेल्या गावांतील म्हातारी माणसे अजून हयात आहेत. त्यांची गुरे कोठे चरत होती, कोणत्या झाडाखाली त्यांचा देव होता, हे त्यांच्याच तोंडून लिहून घेण्याचे काम आमच्या भूगोल विभागाने येत्या वर्षी हाती घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. नावे नोंदविण्यास आम्ही चौघे तयार आहोत.