संवर्धित माकलीचा आहार आणि तिची वाढ

कोकणच्या बाजारात माकूल किंवा माकली या नावाने मिळणारा कटलफिश हा मासा नसून शंख-शिंपल्यांच्या मृदुकाय संघातला प्राणी आहे, आणि आयुर्वेदात समुद्रफेन म्हणून ओळखले जाणारे पाठीतील हलके, सच्छिद्र कवच त्याला स्क्विडपासून वेगळे करते. माकलीचे आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे, वाढ वेगवान, आणि पिल्लू अंड्यातून बाहेर पडते ते प्रौढाच्या लहान रूपातच, म्हणजे कोळंबीच्या संवर्धनात डोकेदुखी ठरणाऱ्या डिंभक-अवस्था तिच्या बाबतीत नाहीत. असे असूनही तिची शेती प्रयोगशाळेच्या फारशी पलीकडे गेलेली नाही, याचे मुख्य कारण तिच्या आहारात आहे.

युरोपीय माकलीवर (सेपिया ऑफिसिनॅलिस) अमेरिकेत टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे आणि पोर्तुगालमध्ये अल्गार्व्ह विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ काम केले आहे. सुमारे ०.१ ग्रॅम वजनाचे नवजात पिल्लू हलणारे भक्ष्य डोळ्यांनी हेरून दोन लांब शुंडके झटक्यात फेकून पकडते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत त्याला निर्जीव घास देऊन सहसा भागत नाही. जवळ्यासारखे दिसणारे मायसिड हे छोटे कवचधारी प्राणी जिवंत मिळाले, तर अनुकूल तापमानात पिल्लाचे वजन दिवसाला १० टक्क्यांच्या आसपास वाढू शकते. मिठागरांत वाढणारा, मत्स्यबीज केंद्रांत सर्वत्र वापरला जाणारा आणि मिळवायला सोपा असलेला आर्टेमिया मात्र दिला, तर वाढ मंदावते आणि मृत्यूचे प्रमाणही वाढते.

हा फरक केवळ भक्ष्याच्या आकाराचा नाही. माकली ऊर्जेसाठी मुख्यतः प्रथिने वापरते आणि साठवणीतील चरबी जाळण्याची तिची क्षमता तोकडी असते, परंतु पेशींची आवरणे, विशेषतः झपाट्याने वाढणारी मज्जासंस्था, घडवण्यासाठी तिला फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्ये, आणि डीएचए हे दीर्घ साखळीचे मेदाम्ल लागते. आर्टेमियाला तेलयुक्त खाद्य चारून ‘समृद्ध’ केले, तरी त्यात भर पडते ती प्रामुख्याने साठवणीच्या चरबीची, आणि त्याने पिल्लांच्या वाढीत म्हणावा तसा फरक पडत नाही. आहारात चरबी किती आहे यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे हे येथे निर्णायक ठरते, आणि माशांच्या खाद्याचे ठोकताळे माकलीला जसेच्या तसे लावण्यातली चूकही हीच आहे.

पिल्ले मोठी झाली की गोठवलेली कोळंबी स्वीकारू लागतात, आणि खर्चाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण जिवंत भक्ष्य रोज जमवणे हे माकलीसंवर्धनातले सर्वात महागडे काम असते. कोळंबीऐवजी मासे दिल्यास वाढ सामान्यतः कमी राहते. सुरिमी, म्हणजे धुऊन बारीक केलेल्या माशाच्या मांसाचा लगदा, वापरून केलेल्या गोळ्या माकल्या खातात, तरी नैसर्गिक भक्ष्याइतक्या वाढत नाहीत. साध्या मत्स्यचूर्णाच्या खाद्याचीही अडचण आहे, ती म्हणजे ते तयार करताना दिलेल्या उष्णतेने प्रथिनांची पचनीयता घटते. म्हणून अलीकडे गोठवून शुष्क केलेले घटक जिलेटिनने बांधून ओलसर खाद्य तयार करण्याकडे संशोधन वळले आहे, आणि ही दिशा सर्वात आश्वासक वाटते.

आहारांची तुलना मात्र केवळ वजनावर करणे पुरेसे नाही. तापमान वाढले की भूक आणि वाढ दोन्ही वाढतात, त्यामुळे निरनिराळ्या तापमानांत मिळालेले आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. शिवाय अपुऱ्या आहारामुळे पिल्लांच्या आकारात तफावत पडते आणि मोठी पिल्ले लहानांवर हल्ला करू लागतात. भारतातही विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सेपिया फराओनिस ही आपल्या समुद्रातली जाती बंदिस्त टाक्यांत वाढवून दाखवली आहे. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला हे ज्ञान उपयोगी पडायचे असेल, तर समुद्रातून मायसिड उपसून टाक्या भरण्यापेक्षा पहिल्या महिन्यातच पिल्लांना चालेल असे तयार खाद्य शोधणे अधिक गरजेचे आहे.