पेन्शनरांची शेती : आधीं पाणी मोजा, मग कलमें आणा

नोकरींत सारा जन्म घालवून वयाच्या ५८ व्या किंवा ६० व्या वर्षीं वडिलोपार्जित जमिनीवर परत येणारे गृहस्थ आपल्या वऱ्हाडांत पुष्कळ आहेत. आमच्या वाचकांपैकीं कोणी स्वतः तसे असतील, कोणाचे थोरले बंधु किंवा चुलते तसे असतील. जमिनीची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जन्मभराची शिल्लक पहिल्याच वर्षीं जमिनींत घालून पुढें हात चोळीत बसणें चांगलें नाहीं. अशा गृहस्थांच्या उपयोगीं पडावें म्हणून शेंदूरजनाघाटचें उदाहरण घेऊन हे चार शब्द लिहीत आहों.

शेंदूरजनाघाट हा वरूड तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचा गांव. संत्र्याच्या कलमांसाठीं त्याचें नांव दूरवर प्रसिद्ध आहे. तेव्हां येथें येणाऱ्या नव्या मालकाच्या मनांत पहिला विचार संत्र्याचा यावा यांत नवल नाहीं. मात्र एक फरक त्यानें प्रथम ध्यानांत घ्यावा. नोकरदाराचा हिशेब महिन्याचा असतो. बगीच्याचा हिशेब वर्षांचा असतो. आज लाविलेलें झाड पांचव्या-सहाव्या वर्षीं फळास लागतें. म्हणजे ५८ व्या वर्षीं केलेली चूक ६४ व्या वर्षीं उघडकीस येते, आणि तेव्हां ती दुरुस्त करण्यास ना पैसा उरतो ना उमेद. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, पहिलें वर्ष हें करण्याचें नसून पाहण्याचें व मोजण्याचें आहे.

आरंभ कागदांपासून करावा. सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून वारसांचीं नांवें बरोबर चढलीं आहेत कीं नाहीं तें पाहावें. विहीर भावाभावांत सामाईक असेल तर तिच्यांतील हिस्सा सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहिला आहे काय, आणि पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्या आहेत, हें तोंडीं न ठेवितां लेखीं करून घ्यावें. नवी जमीन खरेदी करावयाची असेल, तर १९५८ च्या विदर्भाच्या कूळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास प्रतिबंध आहे, हें विसरूं नये. इसार देण्यापूर्वींच आपण कायद्यानें शेतकरी ठरतों कीं नाहीं याची खात्री करावी.

यानंतरचें काम सर्वांत महत्त्वाचें, तें पाण्याचें. पोळ्याच्या सुमारास विहीर भरलेली पाहून झाडांची संख्या ठरविणारा मनुष्य हमखास फसतो. विहिरीचा खरा स्वभाव वैशाखांत कळतो. तेव्हां एके दिवशीं पंपानें पाणी पुष्कळसें उपसून पातळी दोरीनें मोजावी, आणि चोवीस तास उपसा बंद ठेवून पुन्हां मोजावी. विहिरीचा व्यास मीटरांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास ०.७८५ नें गुणावें, मग पाणी जितके मीटर चढलें असेल त्यानें गुणावें. येणाऱ्या अंकाची हजारपट केली कीं लिटर निघतात. उदाहरणार्थ, ६ मीटर व्यासाच्या विहिरीस एका दिवसांत १ मीटर पाणी चढलें, तर तें सुमारें २८,००० लिटर झालें. मोठ्या फळत्या झाडास भर उन्हाळ्यांत ठिबकानेंहि दररोज शंभर ते दीडशे लिटर पाणी लागतें असें धरावें. सरासरी १२५ लिटर धरल्यास ही विहीर सुमारें २२५ झाडें जगवील. ६ मीटर बाय ६ मीटर अंतरानें हेक्टरीं २७७ झाडें बसतात. म्हणजे ही विहीर अवघ्या दोन एकर बगीच्याची आहे. जवळ जमीन आठ एकर असली तरी बगीचा दोनच एकरांचा. बाकीच्या जमिनींत तूर, कपाशी, सोयाबीन घ्यावें.

ही मोजणी एकदांच करून भागत नाहीं. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तिन्ही महिन्यांत ती करावी, शेजाऱ्यांचे पंप चालू असतांना करावी, आणि सर्वांत लहान अंक खरा मानावा. विहीर कमी पडली तर बोअर घेऊं, असें कोणी म्हणेल. परंतु वरूड तालुक्यांतील भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून अधिक झाला आहे. एक बोअर कोरडें गेलें म्हणून दुसरें, दुसरें गेलें म्हणून तिसरें, या मार्गानें कित्येकांची ग्रॅच्युइटी खडकांत गेली आहे. २०१९ च्या उन्हाळ्यांत वरूड-मोर्शी भागांत पाण्यावांचून बगीचे वाळले. पंधरा-वीस वर्षांच्या झाडांवर कुऱ्हाड चालविण्याची पाळी आली. तो धडा नव्या मालकानें फुकट शिकावा.

बहारहि पाण्यावरूनच ठरवावा. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारींत फुटतो आणि फळ ऑक्टोबरपासून हातीं येतें. त्याचा सारा उन्हाळा विहिरीच्या जिवावर जातो. मृग बहार जून-जुलैच्या पावसावर फुटतो आणि फळ फेब्रुवारी-मार्चांत निघतें. ज्याची विहीर वैशाखांत तोंड फिरविते, त्यानें आंबियाच्या नादीं लागूं नये. मृगाचा पाऊस लांबला तर बहार हुकतो हें खरें, परंतु एक बहार हुकणें आणि झाड मरणें यांत फार अंतर आहे.

जमिनीची परीक्षाहि याच वर्षांत करावी. दोन-तीन ठिकाणीं माणूसभर खोल खड्डे घेऊन खालीं मुरूम लागतो, कीं चिकण काळी माती कीं चुनखडी, हें डोळ्यांनीं पाहावें. ज्या खड्ड्यांत पावसाचें पाणी दिवसेंदिवस सांचून राहतें, तेथें संत्रा लावूं नये. तेथें मुळें कुजतात आणि डिंक्या रोग लागतो. कलम घेतांना जंभेरीच्या खुंटावर डोळा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंच भरलेला आहे ना, हें पाहावें, आणि लावतांना तो जोड मातीखालीं जाऊं देऊं नये. जुना बगीचा वांट्यास आला असेल, तर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी यांचा बोर्डो मलम पावसाळ्यापूर्वीं व नंतर, असा वर्षांतून दोनदां, खोडास मीटरभर उंचीपर्यंत लावावा. मोरचूद व चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मगच एकत्र करावे. मोरचुदासाठीं लोखंडी भांडें वापरूं नये.

राहिला माणसांचा प्रश्न. कचेरींत हुकूम सुटला कीं काम होतें. शेतांत वाफसा आल्याशिवाय होत नाहीं, आणि वाफसा केव्हां आला हें सालदारास मालकाहून आधीं कळतें. म्हणून पाडव्यास सालदार ठरवितांना केवळ साल किती एवढेंच न पाहतां अनुभव पाहावा, आणि पहिलें वर्ष त्याच्याकडून शिकण्यास कमीपणा मानूं नये. इतकीं वर्षें जो भाऊ किंवा पुतण्या ती जमीन वाहत आला, त्याच्याकडे पहिल्याच दिवशीं मागील हिशेबाची वही मागूं नये. कोणत्या धुऱ्यावरून पाणी फुटतें आणि कोणत्या कोपऱ्यांत पीक पिवळें पडतें, हें त्यालाच ठाऊक असतें. आणि हें ज्ञान सातबाऱ्यावर लिहिलेलें नसतें.

नोकरींत जमाखर्च चोख ठेवण्याची जी संवय लागली, ती मात्र या गृहस्थांनीं गांवीं अवश्य आणावी. मृगापासून मृगापर्यंत पाऊस, विहिरीची पातळी, मजुरी, खत व विक्री यांची एक वही ठेवावी. ती वही वर्षअखेर भावापुढें व शेजाऱ्यांपुढें ठेवावी. तीवरून पुढील वर्षीं कलमें किती आणावयाचीं हें आपोआप ठरेल, आणि ज्या गांवाकडून शिकलों त्या गांवाचें थोडेंसें ऋणहि फिटेल.