लघुपट रडवतो कसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लघुपटातली भावना नटाच्या अभिनयातून येते, कॅमेरा ती फक्त टिपतो, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. छत्रपती संभाजीनगरात तो जास्तच पक्का होण्याचा संभव आहे. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था यांनी या शहराला रंगभूमीची मोठी परंपरा दिली, आणि एकांकिकेची तालीम अंगी मुरलेला कलावंत लघुपटाकडेही त्याच नजरेने पाहतो. पण रंगमंचासमोर प्रेक्षकाची खुर्ची हलत नाही. भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याची जबाबदारी नटावर असते. पडद्यावर मात्र दर शॉटला खुर्ची बदलते. ती कुठे मांडायची आणि किती वेळ ठेवायची, हे दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक ठरवतात.

रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग याच संदर्भात सांगितला जातो. मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी सूपची वाटी, शवपेटी आणि स्त्री यांच्या शॉटांना आळीपाळीने जोडला. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि आसक्ती दिसली. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (1919) तर चेहऱ्यापासूनच सुरू होतो: बालकलाकार मंदाकिनी फाळके आधी नुसते हावभाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. पुढे डोहातल्या झुंजीचा ताण मात्र तिच्या एकटीच्या मुद्रेवर उभा नाही. पाण्यातला कृष्ण आणि काठावरचे धास्तावलेले गावकरी यांच्यात कॅमेरा ये-जा करतो, त्यातून तो ताण तयार होतो.

ही जाण मराठवाड्याला नवी नाही. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातल्या ‘मरणासन्न राजकन्ये’च्या चित्रात राजकन्येची मान कलंडलेली आहे, डोळे मिटत चालले आहेत. तिच्या मुद्रेत आक्रोश नाही. दुःख कळते ते तिला सावरणाऱ्या आणि काळजीने निरखणाऱ्या भोवतालच्या स्त्रियांमुळे. चित्रपटाच्या भाषेत यालाच रिअ‍ॅक्शन शॉट म्हणतात. नवशिक्या लघुपटांत सर्वाधिक उणीव भासते ती याचीच: बोलणारा दिसतो, ऐकणारा दिसत नाही.

भावना म्हणजे क्लोजअप, हा दुसरा समज. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला (2014) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कॅमेरा बराच काळ दूर आणि स्थिर उभा राहतो. एका दृश्यात न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात, तरी शॉट संपत नाही. व्यवस्थेपुढे माणूस किती लहान आहे, हे त्या अंतरातूनच जाणवते. क्लोजअप प्रभावी असतोच. पण सुरुवातीपासून सगळेच जवळून दाखवले, तर खऱ्या मोक्याच्या क्षणी आणखी जवळ जायला जागा उरत नाही. बीबी का मकबऱ्यावरून किंवा देवगिरीच्या किल्ल्यावरून फिरणाऱ्या ड्रोनचेही तसेच आहे. त्यातून भव्यता दिसते. पात्राचे त्या जागेशी नाते नसेल, तर भावना त्यातून येत नाही.

संकलन म्हणजे नको ते कापणे, हा समज सर्वांत महागात पडतो. समजा, मध्यवर्ती बसस्थानकावर आई मुलाला पुण्याच्या गाडीत बसवून देते आहे. गाडी सुटते, आई हात हलवते. हात खाली येताच कट केला, तर निरोप तिथेच संपतो. हात खाली आला, शेजारी दुसरी गाडी फलाटाला लागली, कंडक्टरने हाळी दिली, तरी ती जागची हलत नाही, इथपर्यंत शॉट ठेवला तर तिचे एकटेपण दिसू लागते. फरक फार तर काही सेकंदांचा; आणि तेवढ्या वेळात नटीने काहीच केलेले नसते. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे घ्यावा याच्या निकषांना टक्केवारी दिली आहे: भावनेला 51, कथेला 23, लयीला 10, आणि दृश्यसातत्याशी निगडित उरलेल्या तीन निकषांना मिळून 16. पेल्याची जागा दोन शॉटांत किंचित बदलली म्हणून जिवंत क्षण टाकून देणे चुकीचे, हा त्याचा सरळ अर्थ.

वेगवान कटिंगने उत्कंठा वाढते, हे अर्धेच खरे. वेग जाणवतो तो आधीच्या संथपणामुळे.

पार्श्वसंगीताशिवाय डोळे पाणावत नाहीत, हेही तपासून पाहावे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. नायक जब्या थांबतो, मग त्याच्या घरचेही थबकतात आणि डुक्कर निसटते. तिथे काळजात कालवाकालव होते ती चौकटीबाहेरून येणारा आवाज आणि चौकटीतली निश्चल माणसे यांच्यामुळे. मंजुळे यांच्याच ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाला दिग्दर्शनाबरोबर ध्वनीचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘एडिटमध्ये बघून घेऊ’ हे वाक्य सेटवर नेहमी ऐकू येते. संकलक जे चित्रित झाले आहे तेच जोडू शकतो. ऐकणाऱ्याचा चेहरा घेतला नसेल, दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा ओलांडून कॅमेऱ्याने त्यांच्या नजरांची दिशा बिघडवली असेल किंवा खोलीचा नुसता शांत आवाज अर्धा मिनिटही ध्वनिमुद्रित केला नसेल, तर महागडे सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढत नाही. म्हणून अनुभवी दिग्दर्शक संवाद संपल्यावर लगेच ‘कट’ म्हणत नाही; कॅमेरा आणखी काही सेकंद चालू ठेवतो.