मासे नंतर, आधी पाणी!

लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन घरी यावं आणि हिरव्यागार पाणवनस्पतींमधून सुळकन जाणारे टेट्रा बघत बसावं... दिवसभराचा शीण अर्ध्या तासात पळतो. माझ्या बोरिवलीच्या वन बीएचकेतला दोन फुटी फिश टँक बघून ऑफिसातले हमखास विचारतात, ‘तुझे मासे जगतात कसे रे?’ माझं उत्तर एकच. मासे नाही, पाणी सांभाळा!

आपल्या नळाचं पाणी वाईट नाही. वैतरणा-भातसाचं पाणी भांडुपला शुद्ध होऊन, क्लोरिन घालून येतं. गोची तिथेच आहे! क्लोरिन जंतू मारतो म्हणून आपण ते बिनधास्त पितो. फिश टँकला मात्र काही जिवाणू हवेच असतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य आणि वनस्पतींना खत! ही फौज उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. शनिवारी टँक, रविवारी डझनभर मासे असा धडाका लावला, तर पाणी काचेसारखं दिसत असतानाही मासे दगावतात.

म्हणून डोळ्यांवर नको, टेस्ट किटवर भरवसा ठेवा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 पीपीएमच्या आसपास, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल! पीएच मात्र नेहमी ठरलेल्या वेळीच मोजा. उजेडात वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे सकाळी कमी असलेला पीएच संध्याकाळी चढतो. पीएच चढला, पाणी तापलं, की अमोनिया जास्त घातक. मे महिन्यात जरा सांभाळून!

रविवारी पाव हिस्सा पाणी बदला. नव्या पाण्यात अँटी-क्लोरिनचे थेंब हवेतच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, जिवाणू मरतील. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. सोसायटीत टँकर आला असेल, तर ते पाणी आधी तपासा. बोअरचं पाणी बरेचदा जड असतं.

नवा टँक लावताय? रोज चिमूटभर खाणं टाकून रिकामाच चालू ठेवा. आधी अमोनिया, मग नायट्राइट वर जाईल. दोन्ही उतरून आठवडाभर शून्यावर राहिले, की खुशाल क्रॉफर्ड मार्केट गाठा. पण पहिल्या फेरीत चार-पाचच मासे आणा हं!