विमान उतरताना चुकते कोठे?

शेताच्या बांधावर बगळा उतरताना आपण पुष्कळदा पाहिला असेल. वारा असला, की तो वाऱ्याला सामोरा येतो, जमिनीजवळ येताच पंख पसरून छाती वर करतो आणि वेग मोडला, की पाय टेकतो. लहान विमान उतरवण्याची रीतही हीच. मात्र विमानाला बगळ्याइतक्या थोड्या जागेत थांबता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

विमानाला हवेत आधार असतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा. वेग फार कमी झाला, की हा आधार सुटतो आणि विमान खाली येते. म्हणून वैमानिकाला अगदी सावकाश येऊन चालत नाही. बरे, जोरात यावे, तर विमान जमिनीला टेकत नाही. हातभर उंचीवरून तरंगतच राहते, आणि मैदान तर संपत आलेले असते! वेग ताशी ५० मैलांऐवजी ६० झाला, तर आपण म्हणू, दहाच मैल वाढले. पण जिरवायची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २५ ची ३६ होते. जवळजवळ दीडपट! गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.

आता एक घडलेली हकीकत पाहा. एमी जॉन्सन ही २६ वर्षांची इंग्रज मुलगी ५ मे १९३० रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. विमान जिप्सी मॉथ जातीचे, लहानसे. त्याच्या चाकांना ब्रेक नव्हते. वाटेत ब्रह्मदेशात रंगूनच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचे होते. पावसात ते मैदान काही सापडेना. अखेर इनसीन येथल्या तंत्रशाळेचे खेळाचे मैदान दिसले आणि ती तिथेच उतरली. मैदान अपुरे पडले. विमान धावत जाऊन खड्ड्यात गेले. प्रोपेलर मोडला, चाकांचा सांगाडा आणि पंख जायबंदी झाले.

कोणीही म्हणेल, खड्ड्याने घात केला. मला तसे वाटत नाही. पाऊस, न सापडलेली जागा, तोकडे मैदान, ब्रेक नसलेली चाके, असे एकेक जमत गेले. खड्डा शेवटी आला इतकेच. मैदान पुरणार नाही असे वेळीच दिसले, तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जावे आणि घिरटी घालून फिरून यावे, हा उपाय असतो. पण एकदा ‘आता उतरायचेच’ असे मनाने घेतले, की हात तिकडे वळत नाही. पुढे २९ मे रोजी ब्रिस्बेनला तर विमानतळच होता, लोक स्वागताला जमले होते; तरी तिचे विमान हद्द ओलांडून पलीकडे गेले आणि उलटले. नशीब, तिला फारसे लागले नाही.

हो, इनसीनची गोष्ट अर्धीच राहिली. तिथले शिक्षक आणि विद्यार्थी लगेच कामाला लागले. एमीजवळ यंत्रदुरुस्तीचा परवाना होता आणि विमानाला जादा प्रोपेलर बांधलेला होता. पंखाला कापड मात्र हवे होते. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानी कापडाचे कोणी शर्ट शिवून घेतले होते. ते पंखाच्या ठिगळांना कामी आले. त्याच विमानाने २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली.